ज्याचा पहिला हात लागेल

पाऊस परतला की पुण्यातलं ऊन चौकशीला आल्यासारखं घरात शिरतं. वैशाखातलं ऊन डोक्यावरून जातं. ते गच्ची तापवतं, पण खिडकीतून आत डोकावत नाही. आश्विनातलं ऊन खाली उतरलेलं असतं. बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर दक्षिणेला आहे. एरवी ट्यूब लावल्याशिवाय न दिसणारा, कडप्प्याच्या फळ्यांचा आतला कोपरा या दिवसांत सकाळी आपोआप उजळतो आणि मग दिसू नयेत अशा गोष्टी दिसायला लागतात. स्टीलच्या झाकणांवरचे बोटांचे ठसे. बरण्यांच्या खांद्यांवरची चिकट धूळ. आणि यंदा, दोन डब्यांच्या मधली रिकामी जागा.

त्या जागेवर मिठाचा डबा असायचा.

मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. मीठ संपलेलं नव्हतं, डबाही हरवलेला नव्हता. तो एक फळी वर सरकला होता, रव्याच्या डब्याशेजारी. आणि रव्याशेजारचा पोह्यांचा डबा कुठे होता? तोही एक फळी वर. मग मी एकेक डबा बघायला लागलो. तुरीची डाळ, जिरं, तिखट. कुणीतरी माझ्या घरातले डबे हलवत होतं. एकदम नाही, हळूहळू, लक्षात येऊ नये इतक्या बेताने.

वृंदाला, माझ्या बायकोला, जाऊन वर्ष उलटलं. गेल्या भाद्रपदात ती गेली. आजारपण फार लांबलंही नाही. यंदा वर्षश्राद्ध झालं. तिच्या साड्या माझ्या बहिणीने, ताईने, वाटून टाकल्या; त्याला मी हरकत घेतली नाही. तिची भूगोलाची पुस्तकं तिच्या शाळेला दिली. चष्मा कुणाला देता येत नाही, तो राहिला. एवढं सगळं गेल्यावर घरात तिने केलेलं आणि तसंच राहिलेलं असं एकच उरलं होतं: स्वयंपाकघराची मांडणी. कुठला डबा कुठे हे तिने ठरवलं होतं. हे घर घेतलं त्या दसऱ्यापासून ती मांडणी बदलली नव्हती, आणि ती तशीच राहावी यापलीकडे माझी काही मागणी नव्हती. कुणाकडे तरी मी ती मागणी बोलून दाखवायला हवी होती, असं आता वाटतं. पण न बोलता कळावं अशी अपेक्षा ठेवणं हा आमच्या घराण्याचा जुना रोग आहे.

घराच्या किल्ल्या तिघांकडे. माझ्याकडे, ताईकडे आणि मंदाताईंकडे. मंदाताई सकाळी पोळ्या-भाजी करून जातात. ताई सदाशिव पेठेत राहते, आठवड्यातून एखादी चक्कर मारते, फ्रीज उघडून बघते आणि निषेधाच्या सुरात बंद करते. म्हणजे संशयित दोनच. मी मनात दोघींची उलटतपासणी सुरू केली.

"मंदाताई, मिठाचा डबा कुठे असतो आपला?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

त्या कणीक मळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तेच मी तुम्हाला विचारणार होते दादा. रोज शोधायला लागतो. आज इथं, उद्या तिथं. मिठाला काय पाय फुटलेत का?"

मला त्या उत्तरात सराईतपणा दिसला. विचारण्याआधीच उलट तक्रार करायची, हा जुना डाव आहे.

ताईला फोनवर विचारलं, तर ती म्हणाली, "मी कशाला हात लावू तुझ्या डब्यांना? त्यात काय ठेवलंयस ते बघायचीसुद्धा भीती वाटते मला. रव्यात अळ्या झाल्यात का बघितलंस?"

हेही मला टाळाटाळीचं उत्तर वाटलं. रव्याचा विषय तिने मध्येच का काढावा?

संशयाला मात्र एक सोय असते. तो दिवसभर सोबत करतो. रिकाम्या घरात शिरताना कुलूप उघडण्याआधी काय बघायचं ते ठरलेलं असतं. चप्पल काढून मी थेट स्वयंपाकघरात जायचो. कोण आलं होतं, काय हललं, याचा विचार करता करता संध्याकाळचे कठीण तास निघून जायचे. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. पण कळूनही माणूस सोबत सोडत नाही.

असाच संशयाचा एक आश्विन मी पूर्वी काढला आहे, आणि योगायोग असा की तो याच घराचा पहिला आश्विन होता. खडकीला वडिलांच्या क्वार्टरमध्ये मी वाढलो. लग्नानंतर आम्ही भाड्याच्या घरांतून हिंडलो. मग हे घर झालं. दसऱ्याला कलश ठेवला, पुऱ्या तळल्या, आणि दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेलो, कारण ऑफिसात एक मशीन रुसलं होतं.

आमचं काम ओतकामाचं गणित करण्याचं. साच्यात वितळलेला धातू ओतला की तो कुठे आधी थंड होईल, कुठे पोकळी धरेल, हे कारखान्याने प्रत्यक्ष ओतण्याआधी संगणकावर काढून द्यायचं. साच्याचे बारीक बारीक तुकडे कल्पायचे आणि प्रत्येक तुकड्याचं तापमान पुन्हा पुन्हा मोजत राहायचं. हे मोजणं एका हाताचं काम नव्हे. म्हणून एकाच प्रोग्रॅमला अनेक हात असतात, सगळे एकाच वेळी राबणारे. त्यांना आम्ही थ्रेड म्हणतो. त्या वर्षी नवं मशीन आलं, त्यात एकाऐवजी दोन प्रोसेसर होते, एकाच बोर्डावर दोन खोबणींत शेजारी शेजारी बसवलेले. हात दुप्पट झाले. काम निम्म्या वेळात व्हायला हवं होतं. ते जुन्या मशीनपेक्षाही सावकाश होऊ लागलं.

"दोन प्रोसेसर घेतले ते दुप्पट वेळ लावायला का?" साहेबांनी विचारलं. ते एवढंच विचारून गेले, आणि त्यांचं एवढंच विचारून जाणं फार वाईट असे.

ऑक्टोबरची दुपार, एसी फक्त मशीनच्या खोलीला, आम्ही बाहेर शर्टाची बटणं सैल करून बसलेले. प्रत्येकाला दुसऱ्याचा संशय. कुणीतरी चोरून आपलं काम मशीनवर लावत असणार. माझा संशय माझ्या शेजारी बसणाऱ्या बापटवर होता. तो जेवणाच्या सुट्टीत जागेवरून नाहीसा व्हायचा.

"बापट, जेवणाच्या सुट्टीत तू मशीनवर काही लावतोस का?"

"जेवणाच्या सुट्टीत मी जेवतो," बापट म्हणाला. "तूही करून बघ."

मी त्याच्यावर नजर ठेवली. तो खरोखरच जेवायचा, जिन्याच्या खाली, एकटा, डबा मांडीवर घेऊन. त्याच्या डब्यात काय असतं हे कुणाला दिसू नये एवढीच त्याची धडपड होती, कारण त्याची आई म्हातारपणी स्वयंपाकात गडबड करू लागली होती आणि भाजी कधी अळणी तर कधी दोनदा फोडणी दिलेली असायची. हे मला पुष्कळ नंतर समजलं. त्या दिवसांत मात्र त्याने डब्याचं झाकण लावलं तरी मला काहीतरी लपवल्याचा आवाज यायचा.

संध्याकाळी घरी आलो की इथे दुसरं काम चालू असायचं. वृंदाने शाळेतून रजा घेतली होती आणि ती स्वयंपाकघर लावत होती. घरभर खोकी, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या बरण्या, नव्या रंगाचा वास आणि त्यात कुठूनतरी हिंगाचा. ओट्याच्या वर कडप्प्याच्या चार फळ्या होत्या. तिने त्या ओल्या फडक्याने पुसल्या, वर्तमानपत्राचा कागद घातला, आणि एकेक डबा उचलून लावायला सुरुवात केली. मला तिने हात लावू दिला नाही.

ती जेमतेम पाच फूट. मी आमच्या घरातला एकटाच उंच. चौकटीला कपाळ आपटून घेणारा. तिने लावलेलं सगळं खाली होतं, तिच्या हाताच्या उंचीवर. पहिल्या फळीवर मीठ, तिखट, मिसळणाचा डबा, हिंग. दुसरीवर डाळी, पोहे, रवा, जिरं-मोहरीच्या बरण्या. तिसरीवर गूळ, चिंच, आमसुलं, मेतकूट. सगळ्यांत वर, जिथे स्टुलाशिवाय तिचा हात पोहोचायचा नाही तिथे, वर्षातून एकदा लागणारं सामान: चकल्यांचा सोऱ्या, करंज्यांची कातणी, लोणच्याची रिकामी मोठी बरणी. मी पोहे काढायला गेलो की मला ओट्यावरून कंबरेत वाकावं लागायचं.

"हे जरा वर ठेवता आलं नसतं का?" मी विचारलं.

"आलं असतं," ती म्हणाली. "पण मग पोहे तू करशील का?"

सकाळचा चहा तेवढा मी करत असे, लग्नापासून. तिने कॉलेजातच चहा सोडला होता, म्हणजे तो चहा एका अर्थी माझा मलाच होता. बाकी या खोलीत मी पाहुणा.

मशीनचं कोडं काही दिवसांनी सुटलं. त्यात चोर नव्हता. असं होतं की त्या दोन प्रोसेसरांच्या बाजूला ज्याची त्याची वेगवेगळी मेमरी असते. आपल्या बाजूची जवळ, दुसऱ्याच्या बाजूची लांब. लांबचीही मिळते, पण मधला पूल ओलांडून जावं लागतं, आणि सगळे एकाच वेळी पुलावर आले की खोळंबतात. आता कुठली मेमरी कुणाच्या बाजूला जायची हे कोण ठरवतं? प्रोग्रॅम जागा मागतो तेव्हा यंत्रणा नुसतं हो म्हणते, प्रत्यक्षात काही देत नाही. ज्या थ्रेडचा त्या जागेला पहिला हात लागतो, त्याच्या बाजूला ती जागा मिळते. एकदा मिळाली की तिथेच राहते. पुढे ती कोण वापरतं याच्याशी तिला देणंघेणं नाही.

आणि आमच्या प्रोग्रॅमच्या सुरुवातीला, कामाला लागण्यापूर्वी, एकच थ्रेड सगळी जागा स्वच्छ पुसून शून्यं भरून ठेवत असे. नीटनेटकेपणा म्हणून. जुन्या मशीनवर ही सवय चांगलीच होती. नव्या मशीनवर त्या एका पुसणाऱ्या हातामुळे सगळंच्या सगळं एका बाजूला जमा झालं, आणि दुसऱ्या बाजूचे निम्मे हात आयुष्यभर पूल ओलांडत राहिले.

"त्या ओळी मुळात लिहिल्या कुणी?" मी विचारलं.

"शोधू नकोस," बापट म्हणाला. "तूच निघशील."

आम्ही शोधलं नाही. दुरुस्ती सोपी होती: ज्याने जो भाग पुढे वापरायचा, त्यानेच तो सुरुवातीला पुसून घ्यायचा. जो तो आपल्या वाट्याला पहिला हात लावेल आणि ज्याचं त्याला जवळ मिळेल.

त्या संध्याकाळी मी मोठ्या उत्साहाने हे सगळं वृंदाला सांगितलं. ती ओट्याशी उभी राहून एका खोक्यातून बरण्या काढत होती. तिला संगणकात रस नव्हता, पण ती ऐकून घ्यायची. भूगोलाच्या बाईंना जवळ आणि लांब एवढं पुरतं.

"म्हणजे पहिला हात ज्याचा, त्याच्या घरी सामान?"

"हो. जवळजवळ तसंच."

"मग हे स्वयंपाकघर माझं झालं." तिने एक बरणी ठक्कन फळीवर ठेवली. "आता कुणी काही हलवायचं नाही. तूसुद्धा."

ती हसत बोलली होती. पण बोललेलं वाक्य माणूस गेल्यावर हसणं टाकून एकटंच मागे राहतं. "तूसुद्धा" हा शब्द गेलं वर्षभर माझ्याजवळ आहे. त्यामुळे मिठाचा डबा सरकलेला दिसला तेव्हा मला राग आला तो नुसता व्यवस्थेसाठी नव्हता. तिने एकच गोष्ट सांगून ठेवली होती आणि कुणीतरी ती माझ्या देखत मोडत होतं.

पुढे पुढे मशीनं शहाणी झाली. आता त्यांच्यात एक पहारेकरी असतो. तो अधूनमधून मेमरीच्या एखाद्या तुकड्यावर पडदा ओढून ठेवतो. ज्याचा हात त्या पडद्याला अडखळेल त्याची नोंद घेतो आणि पडदा परत उचलतो. एकदा लांबचा कुणी अडखळला म्हणून तो काही करत नाही; पण पुन्हा तीच बाजू अडखळली की तो तुकडा उचलून गुपचूप त्या बाजूला नेऊन ठेवतो. प्रोग्रॅमला सांगतही नाही. पुष्कळांना ही सोय आवडते. मला कधीच आवडली नाही. मी ठरवून मांडलेलं माझ्या मागे हलवणारा, मग तो कितीही माझ्या भल्यासाठी असो, मला चालत नाही. ऑफिसातल्या मशीनवर मी तो पहारेकरी बंद करून ठेवत असे, आणि बापट म्हणायचा, "तुझा देवावरसुद्धा विश्वास नसणार, तो पण न विचारता हलवतो." पुढे वृंदा गेली तेव्हा बापट भेटायला आला. तासभर बसला. त्याला ते वाक्य आठवलं असावं, कारण तो काहीच बोलला नाही.

आता घरातही कुणीतरी असा पहारेकरी बसला आहे, अशी माझी खात्री होत चालली होती. ताईचंच काम. तिचा स्वभाव तसा. लहानपणी ती माझं दप्तर न विचारता आवरायची. "त्याला वाकायला लागतं, कंबर धरते, थोडं थोडं वर सरकवू या," असं तिने मंदाताईंना सांगून ठेवलं असणार. दोघी मिळून माझी काळजी घेत असणार. माझी काळजी घेत घेत वृंदाला एकेक डबा करून घरातून बाहेर काढत असणार.

मी सापळा लावला. लिहायला आज संकोच वाटतो, पण लावला. प्रत्येक डब्याच्या झाकणावर मोहरीचा एकेक दाणा ठेवला. कुणाचा हात लागला की दाणा पडणार. सकाळी मंदाताई येऊन गेल्यावर पाहिलं. मीठ, तिखट आणि कणकेवरचा दाणा पडलेला. ते अपेक्षितच होतं, पण डबे जागच्या जागी होते. मी दाणे पुन्हा ठेवले. रविवारी मंदाताईंची सुट्टी, ताईही आली नाही. दिवसभर घरात मी एकटा. संध्याकाळी खिचडी खाल्ली, ताक प्यायलो, आणि भांडी विसळता विसळता वर पाहिलं तर डाळीवरचा दाणा नाही, तांदळावरचा नाही, मिठावरचा नाही, जिऱ्यावरचा नाही. आणि जिऱ्याची बरणी तिसऱ्या फळीवर.

खिडकी उघडी होती. मला आधी वारा सुचला, मग मांजर. खिचडी आणि ताकातलं जिरं सुचलं नाही. इतका वेळ बाहेरच्या माणसाकडे पाहत राहिलं की आपला हात आपल्याला दिसत नाही.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी ताई आली ती पदर खोचूनच. गेल्या वर्षी सुतकातली दिवाळी, घर आवरलंच नव्हतं. "यंदा आवरायलाच हवं," ती दारातूनच म्हणाली. "लक्ष्मी येवो न येवो, झुरळं तरी जावोत."

"स्वयंपाकघर राहू दे," मी म्हणालो.

"तिथंच तर सुरुवात करायची."

"ताई, राहू दे म्हटलं ना. तिने लावलेलं आहे ते."

ताई थांबली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "अरे श्री, वृंदा दर दिवाळीला हे सगळं खाली काढून धूत होती. एकही डबा न सोडता. तू तेव्हा ऑफिसात असायचास. तुला काय वाटलं, एकदा लावलं ते लावलं? ती दरवर्षी पुन्हा लावायची."

हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? धुतलेले डबे मी बाल्कनीत पाहिले असतील. पण संध्याकाळी घरी येईपर्यंत सगळं जागच्या जागी असायचं, आणि जागच्या जागी असलेल्या गोष्टीला कुणी हात लावला होता हे लक्षात येत नाही.

मग मी अडवलं नाही. फक्त म्हटलं, "खाली मी काढतो. तू धुवायला घे." निदान माझ्या डोळ्यांसमोर होईल, हा हेतू. मी खालून सुरुवात केली. ताईने डबे मोरीत नेले, मंदाताईंनी चिंच लावून पितळेचं घासायला घेतलं, बाल्कनीत जुन्या चादरीवर झाकणं आणि डबे उन्हात पडले आणि सगळं स्वयंपाकघर पोकळ वाजायला लागलं.

"आता मला एक सांग," मी संधी साधून म्हटलं. "हे डबे वर कोण सरकवतं? तू की मंदाताई? मी रागावणार नाही."

ताई हात पुसत आत आली. तिने फळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा फळ्यांकडे. "कुठल्या फळीवर होतं मीठ?"

"तिसऱ्या. आणि आता डाळसुद्धा."

ती वृंदापेक्षाही बुटकी; तिने चवड्यांवर उभं राहून हात वर केला. बोटं तिसऱ्या फळीच्या कडेला टेकली, त्यापुढे जाईनात. "बघ," ती म्हणाली. "मला तिथनं मीठ काढायला स्टूल लागतं. या मंदाताई माझ्यापेक्षा चार बोटं कमी. या घरात त्या फळीवर न बघता डबा ठेवणारा माणूस एकच आहे, आणि तो आमच्या दोघींवर पोलिसासारखा नजर ठेवून असतो."

मंदाताई मोरीतून म्हणाल्या, "मी तर सांगतेच आहे दादांना, रोज शोधायला लागतो म्हणून. ऐकतात कुठं!"

ऊन तोवर फळ्यांच्या आत पोहोचलं होतं. डब्यांखालचा कागद वृंदाने तिच्या शेवटच्या दिवाळीत घातलेला. मधे दोन पावसाळे गेले होते. त्यावर डब्यांच्या बुडांची गोल वर्तुळं उमटली होती. पहिल्या फळीवर मिठाचं वर्तुळ, गडद, ओलाव्याने कागद फुगलेला. दुसऱ्या फळीवर त्याच मापाचं वर्तुळ, फिकं. तिसऱ्यावर आणखी एक, अगदी नवं. डाळीचीही तशीच दोन. पोह्यांची, जिऱ्याची. पायऱ्या चढत यावं तशी ती वर्तुळं खालून वर, तिच्या उंचीवरून माझ्या उंचीवर आली होती. रोज खिचडीला डाळ काढायची आणि ठेवताना थोडं कमी वाकायचं. कुणी पहारेकरी नव्हता. दुःखात माणसाची कंबरसुद्धा स्वतःपुरतं बघते.

तिने हलवू नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि हलवत मी होतो.

"सोड रे," ताई म्हणाली. "काढ तो कागद."

मी कागद ओढून काढला. सगळ्यांत वरच्या फळीपर्यंत आलो. सोऱ्या, कातणी, लोणच्याची बरणी खाली दिली. आणि त्यांच्या पुढ्यात, अगदी कडेशी, चहाचा पत्र्याचा डबा. तोही खाली दिला. कागद उचलला तर त्याखालच्या कडप्प्यावर गंजाचं एक वर्तुळ होतं. कागदातून झिरपून दगडात बसलेलं, बोटाने घासूनही न जाणारं. एकच वर्तुळ. त्याच्या आजूबाजूला दुसरी खूण नाही, सरकल्याचा ओरखडा नाही.

मी ते बघत राहिलो. वर्षातून एकदा लागणाऱ्या सामानाच्या फळीवर रोजचा चहा कसा, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. रोज सकाळी झोपेतून उठून मी हात वर करायचो आणि डबा हाताला यायचा. वाकावं लागलं असतं तर एखाद्या दिवशी विचारलं असतं.

"हा डबा वर कुणी ठेवला?" मी विचारलं. या वेळी आवाजात चौकशी नव्हती.

"तिनंच," ताई म्हणाली. "दसऱ्याला मी होते ना इथं. स्टुलावर चढून ठेवला. मी म्हटलं, अगं, रोजचा चहा एवढा वर कशाला? तर म्हणाली, चहा तो करतो." मग ताईने फडकं पिळलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "दर दिवाळीला चढायची. पडली असती म्हणजे?"

म्हणजे मी जेव्हा तिला ते जवळ आणि लांब मोठ्या उत्साहाने समजावत होतो तेव्हा तो डबा आधीच वर गेलेला होता. जो वापरेल त्याच्या बाजूला. ज्या दुरुस्तीसाठी आम्ही सगळा आश्विन एकमेकांवर संशय घेत काढला, ती तिने दसऱ्यालाच केली होती आणि मला सांगितली नव्हती. "स्वयंपाकघर माझं" असं म्हणताना त्या खोलीतला माझा वाटा तिने आधीच काढून ठेवला होता.

दुपारी डबे वाळले. नवे कागद घातले. ताई दमून खुर्चीवर बसली. "आता लाव बाबा तुला हवं तसं," ती म्हणाली. "तिच्यासारखं लाव, नाहीतर तुझ्या हाताला येईल तसं. मी सांगणार नाही."

मी मिठाचा डबा उचलला. हात सवयीने वर जायला लागला, तो मी थांबवला.

"मंदाताई," मी म्हणालो, "जरा इकडे या. हात वर करा बघू. इथपर्यंत येतो?"

"येतो की."

मी मीठ पहिल्या फळीवर ठेवलं. मग तिखट, मिसळणाचा डबा, हिंग. डाळ मी माझ्याजवळ ठेवली, तिसऱ्या फळीवर, कारण खिचडी मी करतो. जिरंही. रवा दुसऱ्या फळीवर, ताईच्या हाताला, तिला त्यातल्या अळ्या बघता याव्यात म्हणून. ती मांडणी वृंदाची राहिली नाही, हे मला दिसत होतं. पण ती कशी लावायची हे माझं मला सुचलं नव्हतं, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

सगळ्यांत शेवटी चहाचा डबा राहिला. वरच्या फळीवर कागद मी मुद्दाम घातला नव्हता. मी न बघता हात वर केला. डब्याचं बूड दगडावर टेकलं, आणि हात खाली घेताना मान वर करून पाहिलं: वर्तुळ कुठेच बाहेर दिसत नव्हतं.

"चहा टाक रे आता," ताई खुर्चीतून म्हणाली.

नुकताच ठेवलेला डबा मी परत खाली काढला.